सद्यस्थिती

खैरझरीच्या टेकडीवर मला पाठवलं
तीस मीटरची फीत, एक होकायंत्र
आणि कचेरीतला छापील तक्ता देऊन.
रकाने: लांबी, रुंदी, उंची, सद्यस्थिती.
सद्यस्थितीचा रकाना सगळ्यांत अरुंद.

फितीचं दुसरं टोक धरायला
गावातून इस्तारी कुमरे आला,
खांद्यावर कुऱ्हाड, कानामागे विडी,
आणि मागून, न बोलावता, त्याची शेळी.

बुरूज म्हणजे काय, एकावर एक तीन खोल्या.
खाली गुरं आणि ज्वारी, मध्ये माणसं,
वर वारा आणि एक जागा गडी.
फौज मावेल एवढी जागाच नाही.
कुण्या एका घराची भीती,
उभी रचलेली.

भिंतीच्या पोटातून जिना चढतो,
एका वेळी एकच माणूस, तोही तिरका.
सतरा पायऱ्या.
अठरावीला पाय टाकायला जावं
तर खाली पळसांची शेंडी.
मी लिहिलं, १७.
इस्तारी म्हणाला, "माह्या आज्याच्या टायमाले
एकोणीस होत्या. लिवा तसं."
आज्याला रकाना नव्हता.

मधल्या खोलीत तळहाताएवढा कोनाडा.
आत अंगठा फिरवला, काळा निघाला.
मी श्वास धरून उभा राहिलो.
केवढी जुनी रात्र ही,
कुणाच्या कंदिलाची, कुणाची वाट पाहणारी
"कायची जुनी?" इस्तारी म्हणाला,
"मागच्या पोळ्याची हाय.
बैल हरपला होता. रातभर इथंच बसलो
दिवा लावून."
"सापडला?"
"सापडला ना. घरीच येऊन बसला होता थो."

तीन भिंती मोजल्या.
चौथीच्या जागी सीताफळाची झुडपं,
साळिंदराचे दोन काटे, उन्ह.
पडली असती तर पायथ्याशी ढीग असता.
मी विचारलं, गेली कुठं?
इस्तारीनं गावाकडे पाहिलं,
कानामागची विडी काढली, पुन्हा ठेवली.
"चाला."

पहिला दगड सगुणाबाई सोयामच्या मोरीत.
ती धुणं आपटत होती, थांबली नाही.
फेसासकट मोजला: अठ्ठेचाळीस बाय बावीस.
दुसरा शाळेची पायरी,
पोरांनी मधोमध घासून बशी केलेली.
विहिरीच्या काठाला पाच, दोरांच्या खाचा पडलेले.
चहाच्या टपरीवर एक.
त्यावर बसून आम्ही चहा प्यायलो,
आणि पैसे देऊन उठताना मला कळलं
कशावर बसलो होतो.
मशानाच्या वाटेवर दोन,
खांदेकऱ्यांनी टेकायला.
तिथं फीत उघडली नाही.

शेवटचा इस्तारीच्या उंबऱ्यात.
पाथरवटाची खूण अजून आहे त्यावर,
चिमणीच्या पायासारखी तीन बोटं.
सून पोराला कडेवर घेऊन दारात,
मी वाकून खूण कागदावर उतरवतोय,
तिनं विचारलं,
"वापस नेता का आता?"
मी नाही म्हणालो.
"लिवून देता?"

इस्तारी हसला नाही.
शेळी उंबरा ओलांडून आत गेली,
तिला कुणी हाकललं नाही.

रात्री रेस्ट हाऊसच्या बल्बखाली
तीन भिंती पक्क्या शाईनं काढल्या.
चौथीसाठी तुटक रेघ घेतली,
ती टेकडी उतरली, मोरीपाशी वळली,
विहीर, शाळा, टपरी
आणि कागद संपला.
सद्यस्थितीत लिहिलं:
वापरात.

साहेबांनी दोन दिवसांनी लाल पेनानं
तो शब्द खोडला, वर लिहिलं: भग्न.
रकान्यात तोच बसतो, हे खरं.
तुटक रेघही पुसायला सांगितली.
मी पुसली. खोडरबरानं कागद जरा विसविशीत झाला तिथं.

कोपऱ्यातल्या काळ्या अंगठ्याबद्दल
कुणी काही विचारलं नाही.
फाईल गेली नागपूरला,
आत पोळ्याची एक रात्र
आणि घरीच येऊन बसलेला बैल.